औषधाचा मुक्काम

धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कंपनीत मी नोकरी करतो, तिथे औषध तयार होत नाही. औषधाला जोडायची साखळी तेवढी तयार होते. पांढरी, मेणचट, जवळजवळ वासहीन अशी ती भुकटी निळ्या पिंपांत भरली जाते, माझ्या सहीचा कागद पिंपावर चिकटतो आणि ट्रक नागोठण्याच्या दिशेने निघून जातो. पुढे ती कुठे जाते आणि कोणाच्या शरीरात उतरते, हे आम्हांला कळवण्याची कोणाला गरज वाटत नाही. चार वर्षे मी प्रयोगशाळेत त्या साखळ्यांची लांबी तपासत होतो. ज्याचे उत्तर येणार नाही हे ठाऊक असते, असे पत्र रोज लिहून पेटीत टाकावे, तसे ते काम होते. आणि मला ते आवडत होते.

त्या साखळीचे काम थोडक्यात सांगायला हवे. शरीर स्वतः जी प्रथिने बनवते, त्यांतली काही आता कारखान्यात बनवून औषध म्हणून टोचतात. पण ती रक्तात टिकत नाहीत. आकाराने लहान असल्यामुळे मूत्रपिंडाच्या चाळणीतून काही तासांतच निघून जातात, म्हणून रोज टोचावी लागतात. अशा प्रथिनाला आमची लांब साखळी जोडली, की ती आपल्याभोवती पाणी धरून राहते, प्रथिनाचा घेर वाढतो आणि ते चाळणीशी अडते. जे औषध सकाळी टोचले की संध्याकाळपर्यंत नाहीसे व्हायचे, ते मग कित्येक दिवस मुक्कामाला राहते.

धोंडुबाई मावशीला हे समजावताना मी उघाडीचे उदाहरण दिले होते. खाडीच्या बांधाला पाणी सोडण्यासाठी जे दार असते, ती उघाडी. ओहोटी लागली की पाण्याबरोबर बारीक मासळी त्या दारातून निसटते. शेवाळात गुरफटलेला मासा मात्र दाराशी अडून राहतो.

"म्हंजे औषधाला शेवाल गुंडालतोस तू," मावशी म्हणाली होती. "नि त्याचा पगार देतात?"

मी हो म्हणालो होतो. तिने नवऱ्याकडे, कान्हूकाकांकडे, वळून सांगितले होते, "ऐकलंत का? आपन फुकट काढत बसलो उघाडीतला शेवाल."

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मी दहावीत होतो, आणि पुढची पाच वर्षे मावशीच्या घरातूनच पेणच्या कॉलेजात गेलो. वडखळच्या नाक्यापासून चार किलोमीटर आत, खाडीच्या बांधाला लागून ते गाव आहे. काका मिठागरावर काम करतात. आता त्या बाजूला मिठागरे मोजकीच उरली आहेत, आणि जी उरली आहेत त्यांवरची माणसेही काकांच्याच वयाची आहेत. मूलबाळ त्यांना नाही. मला त्यांनी कधी मुलगा म्हटले नाही आणि मीही कधी तसे भासवले नाही. पण रोह्याला खोली घेतल्यावरही माझे रेशनकार्डावरचे नाव त्यांच्याच घरात राहिले.

त्या वर्षी पौषात मावशीच्या छातीत गाठ निघाली. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात तपासण्या झाल्या आणि दर तीन आठवड्यांनी एक अशी केमोची फेरी ठरली. केमो गाठीला मारते तशी रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाही मारते. त्या पेशी उरल्या नाहीत, तर साधा तापही माणसाला घेऊन जाऊ शकतो. म्हणून केमोनंतर त्या पेशी पुन्हा वाढवणारे एक प्रथिन टोचावे लागते. पहिल्या फेरीला डॉक्टरांनी ते साधे, रोजचे दिले होते. सात दिवस, सात इंजेक्शने. पेणच्या एका दवाखान्यात जाऊन घ्यायची. सातव्या दिवशी मी फोन केला तेव्हा मावशी म्हणाली, "घेतली रे सगली." नवव्या दिवशी तिला ताप भरला. पाच दिवस ती रुग्णालयात होती आणि दुसरी फेरी दोन आठवडे पुढे गेली.

दवाखान्याचे कार्ड मला नंतर उशीखाली सापडले. सात चौकोनांपैकी पाचांवरच शिक्का होता. चौथ्या आणि पाचव्या दिवशी मिठाची रास ओढायची होती आणि काका एकटे पडले असते, म्हणून ती मिठागरावर गेली होती. मी ते कार्ड तिला दाखवले. तिने ते घेतले, बघितले आणि चुलीत घातले.

दुसऱ्या फेरीनंतरही असेच झाले आणि तिसरी लांबली. तिसऱ्या फेरीच्या वेळी डॉक्टरांनी कागदावर एक नाव लिहिले. ते वाचताच मला प्रयोगशाळेतला वास आठवला, जो खरे तर तिथे नसतो. तेच प्रथिन होते, साखळी जोडलेले. एकदा टोचायचे, बस. साखळी आमच्याच कंपनीची असेल असे नाही. जगात अशा कंपन्या पुष्कळ आहेत. डॉक्टर म्हणाले, "बाई, आता तारीख चुकली तर औषधाचा जोर कमी करावा लागेल. आणि जोर कमी केला, तर मी तुम्हांला काही सांगू शकत नाही." मावशीने मान हलवली. त्यांनी न सांगितलेले तिला कळले होते.

ते इंजेक्शन केमोनंतर चोवीस तासांनी द्यायचे असते, आधी देऊन चालत नाही. म्हणून रुग्णालयातून ते एका फेरीला एक असे, थर्माकोलच्या पेटीत घालून घरी देत. केमो मंगळवारी होती. कंपनीत तपासणीसाठी पाहुणे आलेले असल्याने मला जाता आले नाही. संध्याकाळी ते दोघे वडखळला उतरले तेव्हा काकांचा फोन आला. मुंबईपासून ती पेटी त्यांनी मांडीवर धरून आणली होती.

"पेटीतला गार डबा पार इतालला," ते म्हणाले. "घरात फ्रीज नाय. काय करू?"

माझ्यासमोर साहेब उभे होते. फोनवर बोलताना शेजारी कोणी असले की माझे शब्द आटतात. "बर्फात ठेवा," मी म्हणालो. "चांगलं गार राहू दे. उद्या तीनला येतो मी."

एवढेच. शाळेत असल्यापासून मला माहीत असलेली एक गोष्ट त्या वाक्यात यायला हवी होती, आणि ती आली नाही.

बुधवारी मी पोहोचलो तेव्हा ऊन बांधावर सपाट पडले होते. दूरवर मिठाच्या राशी इतक्या पांढऱ्या दिसत होत्या, की त्यांच्याकडे फार वेळ बघवत नव्हते. मावशी ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. डोक्याला रुमाल, समोर पितळी तांब्या. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण मला बघताच तिने पदर सारखा केला.

"आलास? च्या ठेवू?"

"तू बस."

"मग तूच ठेव. साकर वरच्या डब्यात."

काका मिठागरावरून माझ्यासाठीच लवकर आले होते. त्यांनी पेटी आणून माझ्यापुढे ठेवली आणि झाकण काढले. कोळंबीची टोपली बाजारात उघडावी तसे.

"बग. दगड झालाय दगड. आठ दिवस ठेवलास तरी हालनार नाय."

पेटीत ठेचलेला बर्फ होता आणि बर्फावर जाड मिठाचे खडे. पेण परिसरातली खाडीची माणसे मासळी अशीच राखतात. कोळंबी सकाळच्या बाजारापर्यंत टिकवायची, तर बर्फात मूठभर मीठ टाकायचे. नुसत्या बर्फापेक्षा तो कितीतरी गार होतो. काकांचे वडील तसे करत आणि काकाही तसेच करत आले. त्यांच्या हाताला जी गोष्ट वाडवडिलांकडून आली होती, ती मी पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिली होती आणि त्यावर गुणही मिळवले होते. मी खोका उघडून इंजेक्शन उन्हात धरले. आतले पाणी पांढरे, घट्ट, निश्चल झाले होते.

"काय रं?" काकांनी विचारले.

"हे गोठायला नको होतं."

"तूच तं बोललास, बर्फात."

"हो. मीच बोललो."

खोक्यातला कागद मी उंबऱ्यात बसून वाचला. अक्षरे बारीक होती. त्यात लिहिले होते, की चुकून एकदा, चोवीस तासांपेक्षा कमी वेळ गोठले असेल, तर सावकाश वितळवून औषध वापरता येते. एकापेक्षा अधिक वेळा गोठले असेल, तर टाकून द्यावे. प्रथिन ही मुळात गुंडाळी असते. वारंवार गोठले की ती सुटते आणि पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही. दोन्ही पाणी सारखेच स्वच्छ असते.

"मीठ कितीदा घातलंत?" मी काकांना विचारले.

"दोनदा. काल सांजचा एकदा. फाटे उठून बगतो तं सगला बर्फ इरघललेला. मग मासलीच्या गाडीवरून नवा आनला नि पुना घातला."

"मधे इंजेक्शन बघितलंत? काल रात्री ते घट्ट झालं होतं का?"

"तं नाय बा बगितला. खोका होता ना वर."

मी मावशीकडे बघितले. ती तांब्यातल्या पाण्याकडे बघत होती.

"एकदाच झाला," ती म्हणाली. "आज सकालच्यानच. राती नाय झाला घट्ट."

"तुला कसं माहीत?"

तिने काकांकडे एक ओझरती नजर टाकली. "म्हाईत हाय."

"तू बघितलंस?"

"सांगते ना, एकदाच झाला."

मी रुग्णालयाच्या वॉर्डात फोन लावला. परक्या माणसाशी फोनवर बोलायचे, तर मी आधी वाक्ये मनात जुळवून ठेवतो. त्या दिवशी तेवढाही वेळ घेतला नाही. सिस्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "एकदा गोठलं असेल तर द्या. दोनदा असेल तर देऊ नका, पेशी वाढायच्याच नाहीत. आता नक्की काय झालंय, ते मी इथून कशी सांगू? दुसरं असलं या फेरीला मिळणार नाही. शंका असेल तर साधी रोजची आजपासून सुरू करा, चिठ्ठी मी फोनवर पाठवते. पण एकही दिवस चुकवायचा नाही. मागच्यासारखं नको."

मागच्यासारखं, म्हणजे कार्डावरचे ते दोन रिकामे चौकोन.

मी पुन्हा मावशीकडे बघितले. त्या नजरेत काय होते ते मला दिसू शकत नव्हते. तिला दिसले असणार. ताप आला तरी "घेतली रे सगली" म्हणणारी ही बाई. नवऱ्याने मांडीवर धरून आणलेले औषध त्याच्याच मिठाने वाया गेले, हे त्याच्या कानांवर पडू नये म्हणून ती काय म्हणेल, हे मी मनातल्या मनात आधीच लिहून टाकले होते. आणि तिने तेच म्हटले होते.

"हे नको देऊया," मी म्हणालो. "साधी देऊ. मी रोज येईन."

"रोज? रोह्यावरनं?" काका म्हणाले.

"पहिली पाळी मागून घेतो. तीनला सुटते."

काकांनी पेटीचे झाकण लावले, मग पुन्हा काढले, हाताने मिठाचे खडे बाजूला सारले आणि पुन्हा लावले. त्यांना त्या हातांचे काय करावे हे कळत नव्हते.

"चूक माझी आहे, काका. मी नीट सांगितलं नाही."

"नाय रं," ते म्हणाले. "मीठ तं माजा होता."

पेणमध्ये एका गल्लीच्या तोंडाशी सॅमसन या ज्यू गृहस्थांचे औषधांचे दुकान आहे. त्यांचे भाऊ-बहिणी केव्हाच इस्राएलला गेले. हे एकटे राहिले, दुकानात आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत. कॉलेजात असताना मी त्यांच्याकडे संध्याकाळी बिले लिहायला बसत असे. त्यांनी माझी हकीकत ऐकली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मिठाचे गाववाले," ते म्हणाले. "औषधालाही मीठ लावलंत. उद्या लोणचं घालाल."

"इंजेक्शन रोज एक लागेल. तिथे ठेवायची सोय नाही."

"रोज एक घेऊन जा. माझा फ्रीज आहे कशाला? हे बघ, आधी कागदात गुंडाळायचं, मग पिशवीत, मग गार डबा. अंगाला अंग लागता कामा नये. आणि देणार कोण?"

दवाखान्यातल्या बाई सहाला जात. तेवढ्या वेळात मी मावशीला घेऊन परत पेणला येणे शक्य नव्हते. सॅमसननी टोपलीतला एक चिकू घेतला, रिकामी सुई माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पोटावर, बेंबीपासून चार बोटं सोडून. चिमटीत कातडी धर. घाबरू नकोस, चिकू ओरडत नाही."

चिकूवर तीनदा आणि मग माझ्या स्वतःच्या पोटावर एकदा, मिठाच्या पाण्याने भरलेली सुई टोचून मी शिकलो. त्या संध्याकाळी साडेसहाला मावशीला पहिले इंजेक्शन दिले. तिने वर बघत म्हटले, "सुई तुजी नि थरथर पन तुजीच. मला काय्येक लागला नाय."

मग ते दिवस सुरू झाले. तीनला पाळी सुटायची. साडेतीनची एस.टी. पकडून पावणेपाचला वडखळ, तिथे न उतरता पुढे पेण. सॅमसनकडून पुडी घ्यायची आणि पुन्हा वडखळला उलटे यायचे. तिथून टमटमने आत गाव. रोज त्या नाक्यावरून मी दोनदा जात असे, एकदा रिकामा आणि एकदा ते गार डबडे मांडीवर धरून. काकांनी मुंबईपासून ते कसे धरले असेल, हे मला तेव्हा कळले. मांडीवरच्या गारव्याने पाय बधिर होतो, आणि तरी तो हलवावासा वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी एस.टी. बंद पडली आणि नागोठण्यापासून मी एका मालवाहू टेम्पोतून आलो. चौथा दिवस शनिवार होता. "शनिवारी दुकान बंद," सॅमसननी आदल्या दिवशीच सांगितले होते, "पण मागच्या दाराने ये, पुडी काढून ठेवलेली असेल. मी शब्बाथ पाळतो. फ्रीजला तसं काही बंधन नाही." रविवारी पाळी नव्हती, तेव्हा मी सकाळपासूनच गावात होतो. काकांबरोबर मिठागरावर गेलो. त्यांनी फळीने मीठ ओढले आणि मी ते टोपलीत भरले. आम्ही दुपारपर्यंत काम केले, आणि येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो घरापर्यंत तसाच होता.

ते रोजचे औषध टोचल्यापासून साडेतीन-चार तासांत रक्तातून अर्धे होते. रोह्याच्या खोलीवर मी जेवायला बसत असे तेव्हा ते अर्धे झालेले असे. मध्यरात्रीनंतर जाग येई तेव्हा पाव. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघताना मला ते दिसत असे, वाळूत जिरणाऱ्या पाण्यासारखे. पाळीवर असताना मी साखळ्यांची लांबी तपासत होतो आणि त्या साखळ्यांची एक जुनी गंमत आठवत होतो. साखळी जोडलेले औषध मूत्रपिंडाला बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात थांबून राहते, पांढऱ्या पेशी पुन्हा येईपर्यंत. त्या आल्या की त्याच त्याला गिळून संपवतात. ज्यांच्यासाठी ते थांबलेले असते, त्यांच्याच हातून त्याचा मुक्काम हलतो. याला कोणी रचना म्हणेल. मला ते एखाद्या समजूतदार पाहुण्यासारखे वाटत असे.

मावशीला सहाव्या दिवशी कणकण आली. थर्मामीटर शंभराच्या खाली थांबला. सातव्या दिवशी ती उतरली. आठव्या दिवशी तिने भाकरी केली आणि माझ्या ताटात वाढताना म्हणाली, "तुज्या कंपनीत लगीन झालेली पोरा जास्त की बिनलग्नाची?"

"तपासलं नाही."

"शेवालाची लांबी तपासतोस. ह्या पन तपास."

शुक्रवारी, म्हणजे नऊ इंजेक्शने झाल्यावर, सकाळी काका तिला पेणला नेऊन रक्त देऊन आले. पाचला मी तपासणीचा कागद घेऊन सॅमसनकडे गेलो. सॅमसन दुकान आवरत होते. सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होतो, त्याआधी त्यांना बंद करायचे होते. त्यांनी चष्मा खाली घेतला, पांढऱ्या पेशींच्या ओळीवर नख ठेवले आणि ते नख तसेच ठेवून माझ्याकडे बघितले.

"पुरेत," ते म्हणाले. "भरपूर आहेत."

मी वॉर्डात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "थांबवा आता. पुढची फेरी तारखेला होईल." एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला, त्यांच्याकडे असे फोन दिवसभर येत असणार.

त्या दिवशी गार डबडे न घेता मी गावात पोहोचलो. मांडी मोकळी होती आणि काहीतरी विसरल्यासारखे वाटत होते. काका अजून मिठागरावरून यायचे होते. मावशी ओटीवर तांदूळ निवडत होती. मी कागद तिच्यापुढे धरला आणि आकडा वाचून दाखवला.

"म्हंजे जायचा तारखेला?"

"जायचं."

तिने सूप बाजूला ठेवले आणि बांधाकडे बघितले. मग म्हणाली, "उद्या येनार नायस ना."

"आता लागणार नाही इंजेक्शन."

"व्हय." ती पुन्हा तांदळाकडे वळली. एक खडा निवडून अंगणात टाकला. "दत्ता, तो पहिला औषध. तो दोनदा नव्हता गोठला."

मी हातातल्या कागदाची घडी घातली.

"राती तो बर्फात नव्हताच," ती म्हणाली. "माठाखाली होता. ओल्या फडक्यात. यांनी मीठ टाकला नि मला वाटला, आता याचा कोलंबीगत व्हनार. गोठलेली कोलंबी सुटली की भुसा होते, चव नाय, काय नाय. औषधाचा पन तसाच झाला तं? म्हून हे जेवायला बसले तवा खोक्यातनं काढून घेतला, खोका तितंच ठेवला. फाटे बर्फाचा पानी झालेला. म्हटला, आता गोठत नाय, नि परत ठेवला. मग मी पडले उलट्या करत. हे कवा नवा बर्फ आनून मीठ टाकून गेले, मला म्हाईतच नाय."

माठाखालची ओली फडकी. ते औषध तेवढ्या गारव्यात तीन दिवसही राहिले असते. हेही त्याच कागदावर होते, पण मी एकच ओळ शोधत होतो. बर्फात ठेवा असे सांगणारा रसायनशास्त्राचा पदवीधर मी होतो, आणि गोठल्याने काय बिघडते, हे कोळंबी खाऊन तिला ठाऊक होते.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगितला की. एकदाच झाला, बोलले."

"माठाचं का नाही सांगितलं?"

"त्यांच्या म्होरं?" तिने सूप थांबवले. "मुंबईपासनं मांडीवर आनला त्या मानसानं. त्याला काय सांगू, तुमच्या बर्फावर माजा इश्वास नाय, मी काढून ठेवला म्हून?"

"मला एकट्याला बोलवून सांगायचंस."

"सांगनार होते. च्या ठेवायला आत गेलास का, तं मागनं येनार होते. पन तू फोन केलास, नि मग माज्याकडं बगितलास." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे वाटले असते. "त्या कार्डासारका बगितलास. मी म्हटला, खोटा बोलायची सवय माजी. याचा काय दोष."

बांधापलीकडे ओहोटी लागली होती. उघाडीतून पाणी बाहेर पडण्याचा आवाज येत होता.

"आनी तू बोललास, रोज येतो." तिने सूप पुन्हा हातात घेतले. "मग कशाला भांडू?"

काका आले तेव्हा तिने त्यांना आकडा सांगितला, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात. त्यांनी हातपाय धुतले, देवासमोर उभे राहिले आणि मग मला विचारले, "चुकलेला तो पहिला औषध कुटं टाकलास?" मी म्हणालो, कंपनीत नेऊन रीतसर नष्ट केले. ते खरे नव्हते. औषध माझ्या खोलीतल्या खणात होते. मावशीने माझ्याकडे बघितले आणि सूप उचलून ती आत गेली.

चौथी फेरी ठरलेल्या मंगळवारी झाली. या वेळीही मला सुट्टी मिळाली नाही, पण पेटी मी आधीच देऊन ठेवली होती. झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: मीठ घालू नये. काकांनी ते वाचून म्हटले होते, "माजा नाव पन लिहायचास खाली."

बुधवारी पाच वाजून गेल्यावर मी साखळीचे इंजेक्शन पेटीतून काढले. ते कागदात गुंडाळलेले होते. कागद सोडण्याआधी मी मावशीला विचारले, "गोठलं होतं?"

"नाय," ती म्हणाली.

मी ते उन्हात धरून बघितले नाही. चिमटीत कातडी धरली आणि टोचले.

गुरुवारी तीनला पाळी सुटली. साडेतीनची एस.टी. फलाटाला लागली तेव्हा मी स्टँडवर उभा होतो. तिथे कसा आलो, हे सांगता येणार नाही. कंडक्टर आता मला ओळखत असे. त्याने दार उघडे धरून विचारले, "काय, आज पेण नाही?"

"आज नाही," मी म्हणालो. "औषध आहे तिथे."

त्याने दार ओढून घेतले. गाडी नागोठण्याच्या वळणाआड जाईपर्यंत मी उभा राहिलो आणि मग खोलीवर आलो. खणातले ते इंजेक्शन काढले, कागदात गुंडाळले, आणि पुन्हा खणात ठेवले.